बे दाहे एकोणीस

ओवीची आई तक्रार घेऊन आली तेव्हा कमलताई घाडीगावकर बालवाडीच्या मोरीपाशी पोरांचे हात धुऊन घेत होत्या. ऑफिसला निघालेली श्रेया, खांद्याला लॅपटॉपची बॅग, एका कानात वायर. ओवीला तिने दारातून आत सोडलं आणि स्वतः उंबऱ्यावरच थांबली.

"टीचर, एक मिनिट. तुम्ही मुलांना नक्की काय शिकवताय सध्या?"

"का गं? काय झालं?"

"काल जेवताना हिच्या पप्पांनी विचारलं, आज शाळेत काय शिकवलं. ही म्हणाली, बे. ते म्हणाले, काय बे? तर ही म्हणते, एके बे. ते चिडले. म्हणाले, नीट बोल. तर हिने ताटावर चमचा आपटला आणि म्हणाली, बे दुणे चार."

कमलताईंच्या मागे बालवाडीच्या मदतनीस कांताबाई तांबे सतरंजी झटकत होत्या. सतरंजी झटकण्याचा आवाज थांबला आणि कसलातरी दुसराच, दाबून धरलेला आवाज यायला लागला.

"अगं, दोनाचा पाढा आहे तो."

"ते कळलं मला नंतर. पण मग दोन एके दोन म्हणा ना. टू वन्झा टू म्हणा. बे कशाला? खाली गॅरेजमधली पोरं एकमेकांना बे म्हणतात. चल बे, हट बे. आम्ही हिला घरात अरेतुरे करू देत नाही, टीचर."

"अगं, आम्ही सगळे असंच शिकलो. बे म्हणजे शिवी नव्हे."

"मग काय म्हणजे बे?"

कमलताईंच्या छपन्न वर्षांच्या आयुष्यात बे म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं. बे म्हणजे बे. श्रेयाने घड्याळ पाहिलं, "प्लीज बघा हां," म्हणाली आणि वायर दुसऱ्या कानात खुपसत निघून गेली.

"ऐकलंत?" कांताबाई म्हणाल्या. "पोरीने बापाला पाढा म्हणून दाखवला, बापाला वाटलं दादागिरी करते."

"हसू नका, कांताबाई. बाकी राहिले तेरा दिवस."

"मी कुठे हसते बे," कांताबाई म्हणाल्या, आणि सतरंजी पुन्हा झटकायला लागल्या.

खरं सांगायचं तर पाढे कमलताईंना मुळात शिकवायचेच नव्हते. पाच वर्षांच्या पोराने आपली चप्पल आपण घालावी, डब्यातली भाजी संपवावी, शेजारच्याला ढकलू नये, आणि पडलं तर दोन मिनिटांत रडणं आवरावं. एवढं जमलं की पोर पहिलीला तयार, असं त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं मत होतं. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांमागे पूर्वी चाळ होती तेव्हापासून ही बालवाडी त्या चालवत होत्या. चाळ गेली, बावीस मजली टॉवर आला, आणि टॉवरमध्ये तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसशेजारची एक खोली बालवाडीला मिळाली. ऊन तापायला लागलं की अजूनही पुढच्या, मसाला कुटायच्या डंखातून मिरचीची धूळ उडते आणि प्रार्थना म्हणता म्हणता निम्मा वर्ग शिंकतो. तेवढीच काय ती जुनी ओळख उरलेली.

आता या खोलीवर सोसायटीचे सेक्रेटरी चिंतामणी राणे यांचा डोळा होता. माणूस वाईट नव्हे. कोणाच्या घरी मयत झालं तर पहिला धावणारा. पण मोकळी खोली दिसली की त्याचे हात शिवशिवत, आणि जिथे पोरं नुसती गाणी म्हणतात ती खोली त्याच्या लेखी मोकळीच. त्याला तिथे अबॅकसचा क्लास आणायचा होता. सोसायटीच्या सभेत तो म्हणाला, "शेजारच्या टॉवरमधलं केजीतलं पोर पाचापर्यंत पाढे म्हणतं. आपली काय म्हणतात? सशाचं गाणं."

कमलताई उठल्या होत्या त्या हे सांगायला, की बाबांनो, पोरं लहान आहेत, दोन वर्षं थांबा. पण सगळा हॉल वळून आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर तोंडातून निघालं भलतंच.

"म्हणतील की आमचीही."

झालं. लगेच ठरलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी कमिटी बालवाडीत येईल. मोठ्या गटातली दहा पोरं आहेत, त्यांनी बेचा पाढा न चुकता म्हटला तर खोली बालवाडीची. नाही तर जूनपासून अबॅकस. कमलताई खाली बसल्या तेव्हा शेजारी बसलेल्या कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाल्या, "उठायची काय गरज होती?"

पहिला आठवडा घोकंपट्टीत गेला, आणि घोकंपट्टीने काय झालं ते श्रेयाने सांगितलंच. शिवाय प्रत्येक पोराचं दुखणं वेगळं. बे चोक आठ म्हटलं की राजरत्न उठून फळ्याकडे जाई. हा कांताबाईंचा नातू, शांत आणि आज्ञाधारक पोरगा. बाईंनी चॉक मागितला म्हणजे आणून द्यायला हवा. एकदा त्याने खरंच आठ खडू मोजून कमलताईंच्या ओंजळीत ठेवले. बे सक बारा म्हणताना मिरचीने शिंका येत, म्हणून सगळी पोरं ती ओळ शिंकूनच म्हणायला लागली. बेसक्छी बारा. आणि ओवी, पहिल्या दिवसापासून ओवी एकच करत होती. बाई एक ओळ म्हणत, ती हात वर करी.

"बाई, पण कशाचे चार?"

"कशाचे म्हणजे? चार."

"पण चार काय?"

गुरुवारी कमलताई दादरला कीर्तनाला गेल्या. त्यांचा गुरुवार तीस वर्षांत क्वचित चुकला असेल. विठ्ठल मंदिरात उजवीकडच्या खांबाला टेकून बसायचं, पिशवीतून आपले स्वतःचे टाळ काढायचे आणि गजर सुरू झाला की जग विसरायचं. पण त्या दिवशी जग विसरेना. बुवा पूर्वरंगात जीव आणि शिव एकच कसे ते सांगत होते आणि कमलताईंच्या डोक्यात बे त्रिक सहा चाललं होतं. समोर कंबरेवर हात ठेवून उभा होता त्याला त्या मनातल्या मनात म्हणाल्या, तू काय नुसता उभा राहून बघतोस, पाढे शिकव माझ्या पोरांना.

शेजारी एक बाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. त्या पोरीने हळूच हात लांब करून कमलताईंचा एक टाळ ओढून घेतला. दोरी सैल होती, सुटून आला. तेवढ्यात गजर सुरू झाला. कमलताईंनी सवयीने हात उचलला आणि एकच टाळ हवेत आपटला. आवाज आला नाही. कुठून येणार? त्या त्या एकट्या टाळाकडे बघत राहिल्या. मग पोरीच्या हातातल्या दुसऱ्याकडे बघितलं.

दोन मिळून टाळ. एकाला टाळ म्हणत नाहीत, एकाला वाटी म्हणतात.

बे म्हणजे जोडी. म्हणजे व्याकरणात काय आहे ते पंडित सांगोत, पण श्रेयाला आणि ओवीला सांगण्याजोगं उत्तर मिळालं. कमलताईंनी पोरीच्या हातून टाळ परत घेतला तो इतक्या आनंदाने, की पोरगी घाबरून रडायला लागली.

उत्तररंगात आणखी एक गोष्ट झाली. बुवा गोवर्धनाचं आख्यान लावून रंगात आले होते. म्हणाले, "आणि मग देवाने तो एवढा थोरला पर्वत उचलून धरला, कशावर? अंगठ्यावर."

"करंगळीवर," अख्खी सभा म्हणाली.

बुवा थांबले. उपरण्याने घाम पुसला आणि हात जोडले. "जागे आहात. मला वाटलं, पंख्याखाली डोळा लागला." सगळे हसले आणि सावरून बसले. बुवांची ही युक्ती कमलताईंना ठाऊक होती, वर्षातून दहा वेळा ते अशी चूक मुद्दाम करत. पण आज त्यांच्या ध्यानात आलं की या चुकीनंतर पुढची वीस मिनिटं कोणी खोकतसुद्धा नाही. पुढची चूक आपण पकडावी म्हणून जो तो कान टवकारून बसतो.

शुक्रवारी सकाळी त्या बालवाडीत टाळ घेऊनच आल्या.

"आता म्हणायचं असं," त्या पोरांना म्हणाल्या. "मी म्हणणार, बे एके बे. टाळ वाजणार. मग तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं, विठ्ठल विठ्ठल."

कांताबाईंनी हातातला झाडू भिंतीला लावून ठेवला.

"कमलताई, एक मिनिट."

"काय?"

"माझा नातू बसलाय त्यात. मी तुमच्या ओवीला, त्या पलीकडच्या पोराला, बुद्धं सरणं म्हणायला लावते का कधी? नाही ना? मग पाढ्यात विठ्ठल कशाला?"

कमलताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. इतकी वर्षं एकत्र काम केलं, एका डब्यातलं खाल्लं, आणि ही गोष्ट आपल्या मनातही येऊ नये? त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. गजर झाला की तोंडातून तेच येतं हो."

"येऊ दे, तुमच्या तोंडातून आलं तर माझी ना नाही. पोरांच्या तोंडात काहीतरी सगळ्यांचं घाला." कांताबाईंनी क्षणभर विचार केला. मग खडूंचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा घातला, मांडीवर घेतला आणि बोटांनी असा काही ठेका धरला की पोरं एकदम गप्प. त्यांचे वडील रामजी जयंतीच्या जलशात ढोलकीवर बसायचे. भायखळ्यापासून शिवडीपर्यंत त्यांना बोलावणी असत. ढोलकी मुलाकडे गेली, हात मात्र मुलीकडे आला होता.

"म्हणा, जी रं जी जी."

"जी रं जी जी," दहा पोरं म्हणाली.

"आता तुमचे टाळ आणा मध्ये," कांताबाई म्हणाल्या. "आणि जरा लयीत. तुमचे बुवा हळू जातात."

"आमच्या बुवांना काही बोलायचं नाही."

"बरं बाई. बुवा हळू जात नाहीत, तुम्ही जाता."

असा तो पाढा सुरू झाला. टाळ वारकऱ्यांचा, ठेका जलशाचा, आणि मध्ये दहा कोवळे गळे. विठ्ठलाला राग आला असेल असं कमलताईंना वाटलं नाही. तो अठ्ठावीस युगं ऐकतो आहे, त्याने सगळं ऐकलेलं आहे.

आणि चपला. ओवीच्या "कशाचे चार"ला उत्तर हवं होतं ना, ते दाराबाहेरच पडलेलं होतं. दहा पोरांच्या दहा जोड्या. एक जोडी, बे. दुसरी सरकवली शेजारी, चार. पोरं रोज सकाळी व्हरांड्यात उकिडवी बसून आपल्या चपला ओळीत लावायची, आणि एकेक जोडी बोटाने दाखवत पाढा म्हणायची. राजरत्नच्या सँडलला टाचेत लाल दिवा होता, जरा दाबलं की लुकलुकायचा. म्हणून राजरत्नची जोडी नेहमी शेवटी, बे दाहेला. "वीस" म्हणताना तो उडी मारून दिवा लावून दाखवी.

मग कमलताईंनी बुवांची युक्ती काढली. एके दिवशी ओळ लावून झाल्यावर त्यांनी हळूच एक चप्पल उचलून पदराखाली धरली. पोरांनी पाढा म्हटला, शेवटी वीस म्हटलं. कमलताई म्हणाल्या, "मोजा बघू."

मोजल्या. एकोणीस.

"मग वीस कसं म्हणालात? झोपला होतात?"

पोरांना हा खेळ पाढ्यापेक्षा जास्त आवडला. दुसऱ्या दिवसापासून रोज एकाची पाळी लागली. पाढ्याआधी त्याने व्हरांड्यात जाऊन ओळ बघून यायचं आणि बाकीच्यांच्या कानात सांगायचं. बाईंनी एक लपवली असेल तर शेवटची ओळ एकोणीस. दोन लपवल्या तर अठरा. काहीच नसेल तर वीस. बाई विचारत, "जागे आहात ना?" आणि पोरं म्हणत, "जागे आहोत." एकदा कांताबाईंनी स्वतःची एक चप्पल ओळीत घालून ठेवली, तर ओवी आत येऊन म्हणाली, "एकवीस, आणि एक खूप मोठी आहे."

त्यांना पाढ्यात अर्थ सापडला होता. पण कमलताईंच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. रविवारी चपला नाहीत, रविवारी नुसतं वीसच म्हणायचं, हे पोरांना सांगायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी दहाला कमिटी यायची होती. चिंतामणी राणे साडेनऊलाच आला.

बालवाडीचं दार त्यानेच ऑफिससारखं बसवून घेतलं होतं. हात काढला की आपोआप बंद, आणि बंद झालं की बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही. म्हणून कांताबाईंनी पहिल्या दिवसापासून दाराला एक वीट लावून ठेवलेली. कमलताई त्या विटेला ओलांडतानासुद्धा पाय लागू देत नसत, आणि कांताबाई त्यावरून चिडवत, "तुमचा देव खाली उतरलाय वाटतं, वीट आम्हाला दिलीय." आज चिंतामणीने आल्या आल्या ती वीट बघितली.

"हे काय? गोडाऊन आहे का? कमिटी येतेय, घाडीगावकर बाई." आणि त्याने वॉचमनला हाक मारून वीट उचलायला लावली. मग ऑफिसातून खुर्च्या आणायला स्वतःच धावला. कमलताई आत पोरींच्या वेण्यांना रिबिनी बांधत होत्या. वीट गेल्यावरही दार उघडंच आहे, हे त्यांना दिसलं. ते कशाने उघडं आहे, हे बघायला त्यांना वेळ नव्हता.

दहा वाजता कमिटी बसली. अध्यक्ष गणपतदादा मालवणकर मध्ये, वय ब्याऐंशी. पूर्वी गिरणीत जॉबर होते आणि आता ऐकू कमी येतं, पण दिसतं सगळं. शेजारी खजिनदार आणि आणखी चौघं. भिंतीशी पालक, त्यात श्रेया, एका कानात वायर. चिंतामणीने आपला मोबाईल आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, खिशातून पेन काढलं आणि कागदावर "बालवाडी, परीक्षा" असं लिहिलं.

"बाई, मला पाणी," ओवी म्हणाली.

"आत्ता?"

"थोडंसंच."

ती बाहेर गेली आणि आली. रांगेत उभी राहताना तिने डावीकडच्या पोराच्या कानात काहीतरी सांगितलं. कमलताईंनी पाहिलं, पण त्यांना वाटलं, पोरं आहेत, कुजबुजायचीच. राजरत्न मात्र सारखा दाराकडे बघत होता. घाबरलाय बिचारा, त्यांना वाटलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो म्हणाला, "बाई, माझी..." त्या म्हणाल्या, "काही होत नाही राजा, आजीकडे बघ आणि म्हण."

त्यांनी डोळे मिटून क्षणभर दादरच्या त्या कंबरेवरच्या हातांना आठवलं. मग टाळ वाजला. पत्र्याच्या डब्यावर ठेका पडला. एकेका पोराने एकेक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी जी जी ओढायचं, आणि शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून.

"बे एके बे."

"जी रं जी जी."

"बे दुणे चार."

"जी रं जी जी."

खजिनदाराचा पाय हलायला लागला. बे चोक आठला कोणी फळ्याकडे गेलं नाही. बे सक बाराला एकच शिंक आली आणि ती खजिनदाराची होती. श्रेयाने मोबाईल उभा धरून शूटिंग सुरू केलं. बे साते चौदा. बे आठे सोळा. कमलताईंच्या मनात आलं, दोनच ओळी, पांडुरंगा, दोनच.

"बे नवे अठरा."

"जी रं जी जी."

आणि मग दहाच्या दहा पोरं, एका सुरात, छाती काढून:

"बे दाहे एकोणीस."

कांताबाईंचा हात डब्यावरच थांबला. कमलताईंनी कांताबाईंकडे पाहिलं: तुम्ही लपवलीत? कांताबाईंनी कमलताईंकडे पाहिलं: मी नाही, तुम्ही? दोघींच्याही पदराखाली काही नव्हतं.

चिंतामणीने पेनाला टोपण लावलं. आवाजात आनंद येऊ नये म्हणून त्याने बरीच काळजी घेतली. "घाडीगावकर बाई, मेहनत दिसते. ठेका वगैरे चांगला आहे. पण ठरलं होतं, न चुकता."

"चिंतामणी, अरे ऐक," कमलताई म्हणाल्या. "ती चूक नाही. म्हणजे, मला वाटतं..."

"वीसच्या जागी एकोणीस म्हणजे चूक नाही?" तो वाकला आणि ओवीच्या समोर तोंड आणलं. "बाळ, बे दाहे किती?"

"एकोणीस."

"वीस गं, बाळा."

"एकोणीस." ओवीने त्याच्याकडे जरा दयेने पाहिलं. "काका, तुम्ही झोपला होतात?"

भिंतीपाशी कोणीतरी हसलं. श्रेया म्हणाली, "ओवी," पण शूटिंग बंद केलं नाही. चिंतामणी सरळ उभा राहिला. "कोणी शिकवलं तुला एकोणीस?"

"कोणी नाही. मी मोजल्या. बाहेर."

"काय मोजलंस?"

"चपला."

आता गणपतदादा पुढे झुकले. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं, पण पोरगी दाराकडे बोट दाखवते आहे हे त्यांनी पाहिलं होतं. "काय म्हणता चेडू?"

"म्हणते चपला मोजल्या, एकोणीस आहेत," खजिनदार त्यांच्या कानात ओरडला.

"मगे?" गणपतदादा चिंतामणीला म्हणाले. "पोरीन मोजल्यान. तू मोजलंस?"

"दादा, पाढ्याचा आणि चपलांचा काय संबंध?"

"जा, मोजून ये."

अध्यक्षांचं ऐकावं लागतं. चिंतामणी बाहेर व्हरांड्यात, पोरांनी सवयीने लावलेल्या चपलांच्या ओळीपाशी गेला. आत सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू येत होता. आधी तो एक, दोन, तीन असं मोजत होता. पाचाला गडबडला, मग पहिल्यापासून, आणि बोटं जोडी-जोडीवर पडायला लागली तशी आपोआप सुरू झालं: बे एके बे, बे दुणे चार. आतल्या पोरांनी त्याला सवयीने साथ दिली, "जी रं जी जी." तो अठरापर्यंत आला आणि थांबला.

"एक सुटी आहे," तो बाहेरून म्हणाला. "एकोणीस."

"जागे आहात," ओवी म्हणाली.

"पण म्हणजे एक हरवली. हरवली तर शोधा. पाढा थोडाच बदलतो?"

तेव्हा राजरत्न पहिल्यांदा बोलला. सकाळपासून हे वाक्य त्याच्या तोंडात अडकून होतं. "हरवली नाही. तुम्ही दाराला लावली. खुर्च्या आणताना. पायाने."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या खाली, फरशी आणि लाकूड यांच्यामध्ये, एक छोटी निळी सँडल घट्ट दाबून बसली होती. वाऱ्याने दार हललं, आणि तिच्या टाचेत लाल दिवा लुकलुकला.

गणपतदादा आधी हसले. आवाज न करता, खांदे हलवत. मग खजिनदार, मग भिंतीशी बसलेले सगळे. चिंतामणी उंबऱ्यापलीकडे उभा होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण त्यालाही तोंडाचा कोपरा आवरता येत नव्हता. "बरं," तो म्हणाला. "ही मिळाली तर मग किती, बाळ?"

"आधी काढा," ओवी म्हणाली. "मग सांगते."

चिंतामणी बाहेरूनच वाकला. सँडल घट्ट बसली होती. त्याने दोन्ही हातांनी ती ओढली. निघाली. आणि दार, जे सकाळपासून तिच्यावर टेकून दम धरून होतं, ते धाडकन बंद झालं.

खिडकीच्या गजांतून सेक्रेटरी दिसत होते, हातात लुकलुकणारी सँडल. किल्ल्यांचा जुडगा आत टेबलावर. मोबाईल त्याच्या शेजारी.

ओवीने बाकीच्यांकडे पाहिलं. दहाच्या दहा जणांनी श्वास घेतला.

"बे दाहे वीस."

"जी रं जी जी," गणपतदादा म्हणाले. हे त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

बाहेरून टकटक झाली. कांताबाई दारापाशी सर्वांत जवळ होत्या. त्यांनी लॅचवर हात ठेवला, पण फिरवला नाही.

"कोण आहे?"

"मी आहे कांताबाई, उघडा."

"उघडते ना. आधी निकाल ऐकू द्या. इथे पोरं ताटकळलीत."

"कांताबाई, असं करू नका हो," कमलताई कुजबुजल्या, आणि हसू येऊ नये म्हणून टाळ तोंडाशी धरला.

"तुम्ही गप्प बसा, तुम्ही उठलात म्हणून तर हे सगळं झालं," कांताबाई कुजबुजल्या.

चिंतामणी खिडकीपाशी आला. "दादा, सांगा ना यांना."

"मी काय सांगू?" गणपतदादा म्हणाले. "कागद तू लिवतस. तूच सांग."

खिडकीच्या गजांपाशी सेक्रेटरींनी हातातल्या सँडलकडे पाहिलं, आत रांगेत उभ्या असलेल्या दहा पोरांकडे पाहिलं. राजरत्न एका पायावर उभा होता, जणू सँडल हातात आली की लगेच घालायची. "खोली बालवाडीची," तो म्हणाला. "कमिटीसमोर सांगतो. अबॅकसवाल्यांना वरचा हॉल बघू."

"आणि वीट?"

"वीटही परत आणतो. झालं?"

कांताबाईंनी मान हलवली आणि लॅचकडे वळल्या. पण लॅच कडक, घाईत फिरेना. बाहेर ऊन चढत होतं, डंखातली मिरची वाऱ्यावर आली होती. चिंतामणीला एक शिंक आली, दुसरी आली. त्याला वाटलं, अजून चेष्टाच चालली आहे. आत त्याचा शाळेपासूनचा मित्र खजिनदार खुर्चीत मजेत बसलेला दिसला, आणि मग सेक्रेटरी, कमिटी, मान, सगळं विसरून तो लालबागचा पोरगा झाला.

"अरे हसतोस काय? खोल ना बे."

दहा पोरांनी एकदम माना वर केल्या. हे तर त्यांना येत होतं.

"एके बे."

खोलीत कोणी हसलं नाही, कारण कोणाला श्वासच घेता येत नव्हता. आणि पोरांच्याही आधी, कोणीतरी पुढची ओळ म्हटली, अगदी लयीत, "बे दुणे चार." ती कोणी म्हटली ते बघायला कमलताईंनी मान वळवली.

श्रेया होती. कानातली वायर काढून गळ्यात टाकलेली, आणि एक हात आपोआप मांडीवर ठेका धरत होता.